तीन वर्षं, एकच प्रश्न

पदवीच्या नव्या रचनेत विद्यार्थ्याला वर्गाबाहेर नेणारी चार कामं आहेत : फिल्ड प्रोजेक्ट, गावात जाऊन करायचा सामुदायिक सहभागाचा उपक्रम, प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकण्याची ओजेटी आणि संशोधन प्रकल्प. नव्या शैक्षणिक धोरणाची ही रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. कडेगाव तालुक्यातली मुलंमुली गावातल्या कन्या महाविद्यालयात शिकोत किंवा एसटीनं विटा, कराड, इस्लामपूर गाठोत, बहुतेकांची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे यातली बहुतेक कामं त्यांच्या वाट्याला आलेलीच आहेत.

पण होतं असं. एका वर्षी ‘बचत गटांचा अभ्यास’, पुढच्या वर्षी ओळखीच्या दुकानात बसून ओजेटी, शेवटी ‘ऑनलाइन खरेदीकडे तरुणांचा कल’ यावर चाळीस पानांचा प्रकल्प. चार कामं चार दिशांना जातात. मार्क मिळतात, आणि तीन वर्षांनी मुलाला विचारलं की तुला नेमकं काय येतं, तर उत्तर सापडत नाही.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. पहिल्या वर्षीच आपल्या तालुक्यातला एक प्रश्न निवडा आणि ही चारही कामं त्याच प्रश्नावर करा. फिल्ड प्रोजेक्टमध्ये त्याची पाहणी होईल, ओजेटीत त्यातलं हातकाम शिकून होईल, संशोधनात त्याचं मोजमाप होईल. पदवी हातात येईपर्यंत त्यावर धंदा उभा राहतो की नाही, हेही कळून जाईल. विद्यापीठं आता अध्यापन, संशोधन आणि उद्योजकता एकत्र आणण्याची भाषा करतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नं तर नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यासाठी विद्यापीठात स्वतंत्र संचालकच नेमायला लावला. हे धोरण विद्यार्थ्यापर्यंत पोचायचं तर त्याच्याकडे धरून ठेवायला एक प्रश्न हवा. तो नसेल तर चांगल्या महाविद्यालयातही योजना कागदावरच राहते.

प्रश्नांच्या बाबतीत आपला तालुका श्रीमंत आहे. वांगीला सोनहिरा साखर कारखाना आहे. शेजारच्या पलूस तालुक्यात कुंडलचा क्रांती कारखाना, किर्लोस्करवाडीचे पंप आणि भिलवडी स्टेशनची चितळे डेअरी आहे. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी माळावर आणलं, आणि एका पिढीत ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. पाणी आलं की नवे प्रश्न येतात : खालच्या अंगाच्या जमिनी पाणथळ होतात, क्षार वर येतात, पाणीपट्टी थकते, विजेचं बिल वाढतं. यातला कुठलाही प्रश्न पदवीच्या तीन वर्षांना पुरून उरेल.

शिक्षण आणि हातकाम यांची सांगड घालणारी माणसंही इथं झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नोकरी सोडून ते बेळगावला गेले, लोखंडी नांगर केला, आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वस्तू उत्तम असूनही गिऱ्हाइकाच्या मनातली शंका फिटल्याशिवाय ती खपत नाही, हा धडा घेऊन ते १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर आले. त्याच किर्लोस्कर नांगराचे विक्री प्रतिनिधी म्हणून एके काळी भाऊराव पाटील गावोगाव फिरले. खेड्यातल्या घरांत कोणाचं पोर शाळेबाहेर आहे, हे त्या फिरतीत त्यांना दिसत गेलं असणार, असं मला वाटतं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढं ‘कमवा आणि शिका’ ही रीत महाराष्ट्रभर पोचवली. साताऱ्याच्या त्यांच्याच छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलेले सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४ साली पुण्यात भारती विद्यापीठ सुरू केलं. १९९६ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा शिक्षण आणि हातकाम यांची सांगड आपल्या भागाला परकी नाही.

आणि गलाई? खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगली. दुष्काळानं हाकललेला पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जायचा. आधी झाडलोट, मग भट्टी, मग तेजाब, मग हिशेब, मग गिऱ्हाईक, आणि काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान. आज तुमच्या गुणपत्रकावर ज्याला ओजेटी म्हणतात, ते आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथं उत्तम विषय आहे : गलाईत नायट्रिक अॅसिडचा धूर नाकातोंडात जातो, तो कमी खर्चात कसा आवरता येईल? सुट्टीत काकांच्या दुकानात जाणाऱ्या मुलानं हा प्रश्न उचलावा. त्याला दारोदार फिरावं लागणार नाही.

प्रश्न निवडताना

प्रश्न लहान हवा. ‘सांगली जिल्ह्यातील ऊसशेतीच्या समस्या’ हा प्रश्न नव्हे, तो मथळा झाला. ‘आमच्या गावात उसाची रोपं विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची किती रोपं मरतात आणि का’ हा प्रश्न. याचं उत्तर मोजता येतं, सायकलवरून फिरून मिळतं, आणि ते कळलं तर कोणाचे तरी पैसे वाचतात. या तीन कसोट्यांवर न उतरणारा विषय सरांनी सुचवला असला तरी नम्रपणे बाजूला ठेवावा.

हाच ऊसरोपांचा विषय धरून तीन वर्षं कशी जातील ते पाहू. पूर्वी शेतकरी टिपरी लावायचा. आता एक डोळा काढून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावतात आणि साधारण महिन्याभराचं रोप शेतात नेतात. साडेचार फुटी सरी आणि दोन फुटांवर एक रोप धरलं तर एकराला सुमारे ४,८४० रोपं लागतात. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. म्हणजे रोपांची मागणी तीन उसळ्यांत येते, आणि मधले महिने रोपवाटिका रिकामी असते. हे वेळापत्रक शेतकऱ्याच्या पोराला तोंडपाठ असतं. धंद्याच्या वर्गात ‘मागणीतील हंगामी चढउतार’ शिकवताना हेच उदाहरण घेतलं तर धडा दोन मिनिटांत कळेल.

फिल्ड प्रोजेक्टमध्ये गावातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांकडे जा. रोपं कुठून आणली, उसाची जात ८६०३२ की २६५, बेणं किती महिन्यांचं होतं, मेलेल्यांच्या जागी किती रोपांची सांधणी करावी लागली, पैसे रोख दिले की उधारीवर. प्रश्नावली छापील नको, वहीत लिहा. माणूस बोलता बोलता जे जास्तीचं सांगतो, ते छापील चौकटीत मावत नाही आणि बहुधा तेच कामाचं असतं. वाणिज्य शाखेची मुलगी असेल तर तिनं उधारीचा धागा पकडावा. विज्ञानाची असेल तर मर पकडावी. मराठी किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांनाही इथं काम आहे : रोपवाटिकेत डोळे काढायला कोणत्या बाया येतात, मजुरी रोजावर की डोळ्यांवर, हे कोणी लिहून ठेवलंय का?

ओजेटीचे १२० तास

ओजेटीच्या चार क्रेडिटसाठी साधारण १२० तास लागतात. दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. वीस दिवसांत कोणी कारागीर होत नाही, पण वीस दिवस नीट डोळे उघडे ठेवले तर धंद्याची नस सापडते.

जागा महाविद्यालयानं द्यावी म्हणून थांबू नका. रोपवाटिका, डेअरीचं संकलन केंद्र, कारखान्याचा ऊसविकास विभाग, पंपदुरुस्तीचं दुकान, कुक्कुटपालन, सनदी लेखापालाचं ऑफिस, जिथं तुमचा प्रश्न राहतो तिथं स्वतः जा. महाविद्यालयाचं पत्र बरोबर न्या. ‘सर, काही काम असेल तर द्या’ असं म्हणू नका. ‘तुमच्या ट्रेमधल्या रोपांची मर मी वीस दिवस रोज मोजून देतो, तुम्ही मला पाणी देण्यापासून विक्रीपर्यंत सगळ्या कामांत घ्या’ असं म्हणा. मालकाला आपला फायदा दिसला की तो शिकवतो. न दिसला तर तो झाडू देतो किंवा सही करून घरी पाठवतो. ही घरी पाठवणारी सही कधीही घेऊ नका. ती घेणाऱ्याचेच १२० तास बुडतात.

रोज संध्याकाळी अर्धं पान लिहा : आज काय केलं, काय चुकलं, मालकानं कोणता निर्णय घेतला आणि का. शेवटचा ‘का’ सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाइकानं पाच हजार रोपं मागितली असताना मालकानं तीनच हजार का कबूल केली? त्या एका उत्तरात जोखीम, भांडवल आणि पत हे तिन्ही धडे असतात.

मुलींच्या पालकांना थोडं सांगायचं आहे. ओजेटीला लांब पाठवायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. पण म्हणून तिला घरातल्याच दुकानाची सही आणून देऊ नका. एसटीच्या वाटेवरची, दिवसाउजेडी उघडी असणारी, जिथं आधीपासून बायका काम करतात अशी जागा तिच्याबरोबर जाऊन पाहा. दोघी मैत्रिणींनी एकाच जागी अर्ज करावा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचणही हलकी झाली आहे. वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षा हे वीस दिवस तिला जास्त उभं करतील.

संशोधन म्हणजे मोजणं

संशोधनाचा धसका घेऊ नका. रोपांचंच उदाहरण घ्या. बेण्याला जिवाणू खतांची प्रक्रिया केली तर उगवण वाढते का, हे पाहायचं आहे. ४२ कप्प्यांचे आठ ट्रे घ्या. चार ट्रेंमध्ये प्रक्रिया केलेले डोळे, चारमध्ये न केलेले. बेणं एकाच फडातलं, नऊ ते अकरा महिन्यांचं. कोकोपीट एकच, पाणी एकाच वेळी, लावण एकाच दिवशी. ट्रे एकाआड एक ठेवा, नाहीतर सावलीतल्या ट्रेंची उगवण मागं पडेल आणि तुम्ही दोष प्रक्रियेला द्याल. आणखी एक बारकावा : उसाच्या शेंड्याकडचे डोळे बुडख्याकडच्या डोळ्यांपेक्षा लवकर फुटतात. म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये शेंड्याचे, मधले आणि बुडख्याचे डोळे सारख्या संख्येनं घ्या. दहाव्या, पंधराव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या दिवशी मोजा. आकडे उलटे आले तरी तसेच लिहा. उलटा आलेला खरा आकडा हा जुळवून आणलेल्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे, आणि परीक्षकाला तो ओळखता येतो.

आपल्या आधी कोणी काय केलं ते पाहायला हवं. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात. त्यात शिवाजी विद्यापीठाचेही आहेत, काही मराठीत आहेत. साताऱ्याच्या फलटण तालुक्यात पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करतंय. २६५ ही जात तिथलीच. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार माहिती मिळते, तलाठ्याकडे पिकांची नोंद मिळते. हे सगळं वाचून झाल्यावरच आपला प्रयोग आखा.

विद्यापीठांत दरवर्षी ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ, राज्य अशा पायऱ्या असतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना वेगळा गट असतो. शेती व पशुसंवर्धन हा तिच्यातला एक स्वतंत्र विभाग. बक्षिसासाठी नव्हे, तर अनोळखी परीक्षकापुढं उभं राहून ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तिच्यात उतरा. तो प्रश्न पुढं बँकेचा अधिकारीही विचारणार आहे.

गावाच्या अभ्यासातून काय उभं राहू शकतं, याचा दाखला येरळा नदीच्या काठी आहे. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं १९८०च्या दशकात नदी का आटली, वाळू कुठं जाते, पाणी कोणाला किती पुरेल, याचा हिशेब मांडला. नदीतली थोडी वाळू विकून त्या पैशांतून बळीराजा धरण बांधलं, आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठरवला. लोकांनी विचारलेला प्रश्न आणि जाणकारांचं मोजमाप एकत्र आलं म्हणून ते झालं. महाविद्यालयाच्या सामुदायिक सहभागाच्या उपक्रमात सहल काढायचीच असेल तर तिथं काढावी.

धंद्याची परीक्षा, कर्जाच्या आधी

उद्योजकता शिकवताना बहुतेक ठिकाणी योजनांपासून सुरुवात होते. मला ते उलटं वाटतं. आधी हजारभर रोपं तयार करून विका, मग योजनेकडे वळा.

हिशेब असा मांडा. समजा, शंभर डोळे लावायला बेणं, कोकोपीट, ट्रेची झीज, मजुरी आणि पाणी मिळून १६० रुपये लागले. शंभरातली ८० रोपं जगली तर एक रोप दोन रुपयांना पडलं. ६५ जगली तर तेच रोप जवळजवळ अडीच रुपयांना पडलं. बाजारात अडीचच रुपये भाव असेल तर तुमचा सगळा नफा त्या मेलेल्या पंधरा रोपांत गेला. तुमच्या संशोधन प्रकल्पाचं मोल इथं रुपयांत दिसतं. आता यात उधारी घाला. कारखान्याचं बिल आल्यावर पैसे देतो, असं म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो. पण ऊस तुटायला वर्ष-दीड वर्ष आहे आणि पुढच्या हंगामाचं बेणं तुम्हाला रोखीनं घ्यायचंय. नफ्यात असलेला धंदा उधारीनं बसतो, हे वाणिज्याच्या पुस्तकात आहेच. वहीत नावानिशी मांडलं की ते झोप उडवतं, आणि तसं एकदा झालेलं बरं.

एवढं करून धंदा टिकतोय असं दिसलं, तर मग योजना. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्या. अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याचं पाहूनच कर्जात वळतं होतं. दुसरं, थेट पीक-लागवड या योजनेच्या बाहेर आहे. त्यामुळे रोपवाटिका बसते का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच कागद जमवा. गुळाची पावडर, शेंगदाण्याची चटणी, बेदाणा प्रतवारी अशा प्रक्रियेला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. योजनांच्या मुदती आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचे नियम पाहा.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कोणी हजार-दीड हजार मागत असेल तर देऊ नका. जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, उद्योजकतेचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत मिळतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही वर्ग असतात.

प्रवेशाआधी काय विचाराल

इमारत, क्रीडांगण, प्लेसमेंटचे फलक सगळेच दाखवतात. तुम्ही एवढंच विचारा : मागच्या वर्षीच्या ओजेटीची यादी दाखवता का, कोण कुठं गेलं होतं? त्यातल्या एखाद्या मुलाशी बोलू द्याल का? प्रयोगशाळा दुपारनंतर उघडी असते का? बाहेरून आणलेलं माती-पाण्याचं एखादं नमुना-परीक्षण विद्यार्थ्याला करू देता का? प्रकल्पाला मार्गदर्शन करणारे प्राध्यापक स्वतः शेवटचं कधी फिल्डवर गेले होते? नीट उत्तर मिळालं तर लहान इमारतीतही प्रवेश घ्या. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

प्राध्यापकांनाही एक विनंती. तीन वर्षं एका विद्यार्थ्याला एकच मार्गदर्शक द्या. वर्षागणिक मार्गदर्शक बदलला की प्रश्नही बदलतो, आणि पहिल्या वर्षीची वही कपाटात जाते. ज्या विभागात चार शिक्षक आहेत, तिथं प्रत्येकी दहा-बारा मुलं येतील. जड आहे, पण होण्यासारखं आहे. जुन्या वह्या विभागात जपून ठेवा. पाच वर्षांच्या वह्या एकत्र आल्या की एका गावच्या ऊसरोपांचा, पाण्याचा, उधारीचा असा दस्तऐवज तयार होईल, जो सध्या कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही.

पहिल्या वर्षाचे वर्ग साधारण जूनअखेर-जुलैत सुरू होतात, आणि त्याच सुमारास आडसाली लागणीची रोपं ट्रेमधून बाहेर निघत असतात. ज्यांचा प्रश्न उसाचा आहे त्यांनी प्रवेशाची पावती मिळाल्यावर पुस्तकांच्या आधी एक दोनशे पानी वही घ्यावी, गावातल्या ज्या फडात लागण चालू आहे तिथं जावं आणि मालकाला विचारून एका सरीतली रोपं मोजून तारीख घालावी. पंधरा दिवसांनी त्याच सरीत पुन्हा जावं.